टायगरच्या खुब्यासाठी ठेव मोडावी का?

आदरणीय गुरुजी, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. इतर वाचकांच्या माहितीसाठी त्यातील मजकूर आधी थोडक्यात मांडतो. आपण गुहागर तालुक्यातील निवृत्त शिक्षक असून आपले वय ६६ आहे, पत्नींना कंबरेचा जुना त्रास आहे आणि मुलगा मुंबईत नोकरी करतो. घरातील लॅब्राडॉर टायगर ११ वर्षांचा असून त्याचे वजन ४२ किलो आहे, आणि गेल्या पावसाळ्यापासून त्याला मागच्या पायांवर उठणे कठीण झाले आहे. चिपळूणला काढलेल्या क्ष-किरण चित्रात दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले दिसले. पुण्यातील शल्यचिकित्सकांनी खुबा बदलण्याचा खर्च एका बाजूस २ लाख ६० हजार आणि दोन्ही बाजू मिळून सुमारे ५ लाख रुपये सांगितला आहे. त्यासाठी पतसंस्थेतील ४ लाखांची ठेव मोडावी आणि उरलेले १ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून काढावेत, असा आपला विचार आहे, तर मुलाचे म्हणणे आहे की एवढा खर्च करण्यापेक्षा टायगरला पशुवैद्यांकडून दयामरण देऊन सोडवावे. यात मी काय सुचवीन, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. आज या शस्त्रक्रियेसाठी ठेव मोडू नये. मात्र ‘ठेव मोडायची नाही’ याचा अर्थ ‘टायगरवर खर्च करायचा नाही’ असा होत नाही, कारण त्याची व्यवस्थित शुश्रूषा आपल्या चालू उत्पन्नातून मुद्दलाला हात न लावता होऊ शकते.

आपले निवृत्तिवेतन दरमहा ३४ हजार, म्हणजे वर्षाला ४ लाख ८ हजार रुपये आहे. बचत योजनेतील १२ लाखांवर ८.२ टक्के दराने वर्षाला ९८,४०० रुपये, पतसंस्थेच्या ठेवीवर ९ टक्क्यांनी ३६ हजार रुपये आणि आंबा-काजूतून खते-फवारणी व मजुरी वजा जाता सरासरी ९० हजार रुपये येतात. ही बेरीज ६,३२,४०० रुपये होते. घरखर्च ३ लाख ६० हजार, आरोग्यविम्याचा हप्ता ४६ हजार आणि औषधपाणी, लग्नकार्य, घराची डागडुजी यांसाठी आपण धरलेले ६० हजार, असा एकूण खर्च ४ लाख ६६ हजार होतो. म्हणजे टायगरचा खर्च धरण्यापूर्वी वर्षाला १,६६,४०० रुपये शिल्लक राहतात. आंब्याचे उत्पन्न बेभरवशाचे आहे हे मान्य, पण एखाद्या वर्षी ते शून्य धरले तरी ७६,४०० रुपये उरतात.

आता शस्त्रक्रियेचा हिशेब पाहू. बचत योजनेच्या खात्यातून मध्येच थोडी रक्कम काढता येत नाही. काढायची तर पूर्ण खाते बंद करावे लागते. आपले खाते २०२३ सालचे असल्याने दोन वर्षे उलटली आहेत, तेव्हा मुदतपूर्व बंद केल्यास मुद्दलाच्या १ टक्का, म्हणजे १२ हजार रुपये कापले जातील आणि उरलेली रक्कम पुन्हा गुंतवायची झाल्यास त्या दिवशीचा दर मिळेल. एक लाखासाठी १२ लाखांचे खाते मोडणे हा व्यवहार कोणत्याही कारणासाठी मला पटणार नाही. ५ लाख गेल्यावर वार्षिक उत्पन्न सुमारे ४४ हजारांनी घटेल, आणि ही घट टायगरच्या हयातीपुरती नसून आपल्या दोघांच्या हयातीपर्यंत राहील. शिवाय सहज हाती येणारे म्हणून बचत खात्यातील १ लाख १० हजारच उरतील. साठी ओलांडलेल्या, जवळ मोठे रुग्णालय नसलेल्या दांपत्यासाठी ही रक्कम मला आजही अपुरी वाटते.

या रकमेच्या बदल्यात काय मिळते, हेही पाहिले पाहिजे. लॅब्राडॉरचे आयुष्य साधारणपणे १० ते १३ वर्षांचे असते. टायगर आणखी दोन वर्षे जगेल असे उदारपणे धरले तरी हा खर्च महिन्याला सुमारे २१ हजार रुपये पडतो. त्यातही दोन्ही बाजूंच्या शस्त्रक्रिया सहसा एकाच वेळी होत नाहीत. प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे त्याला बांधून, आधार देऊन, घसरू न देता सांभाळावे लागेल, आणि तपासणीसाठी कुंभार्ली घाट चढून पुन्हा पुण्याला जावे लागेल. उरलेल्या काळाचा मोठा भाग बरे होण्यातच जाईल. तीन-चार वर्षांच्या, वजन आटोक्यात असलेल्या कुत्र्यासाठी हाच खर्च मी वेगळ्या नजरेने पाहिला असता.

त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा, आणि तो पैशाचा नसला तरी सगळा पैसा त्यावर अवलंबून आहे. टायगरचे पाय दुखण्यामुळे चालत नाहीत की मज्जातंतूंमुळे? क्ष-किरण चित्रात सांधे झिजलेले दिसणे आणि त्याच सांध्यांमुळे चालणे थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हाताऱ्या मोठ्या कुत्र्यांमध्ये कण्यातील नस दबल्यामुळे किंवा मज्जारज्जूच्या आजारामुळेही मागचे पाय ओढले जातात, आणि तसे असेल तर नवा खुबा बसवूनही चाल परत येणार नाही. पायाचा पंजा उलटा करून जमिनीवर ठेवला असता कुत्रा तो लगेच सरळ करतो की नाही, हे पशुवैद्य काही क्षणांत तपासतात. चालताना त्याची मागची नखे वरून घासली जात असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे. गोचीड-तापाचा रक्ततपास झाला नसेल तर तो आवर्जून करून घ्यावा. आपल्या दमट किनाऱ्यावर गोचिडांची कमतरता नाही, आणि त्या आजारातही सांधे दुखून कुत्रा लंगडतो, मात्र त्यावर औषधाने उपचार होतो. मुलगा मुंबईत आहेच, तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरे मत घेता येईल. ही संस्था १८८६ पासूनची आहे. प्रवास आणि तपासण्या मिळून यासाठी १५ हजार रुपये राखून ठेवा. या प्रकरणातील सर्वांत मोलाचा खर्च मी यालाच मानतो.

पत्रात आपण टायगरचा सध्याचा मासिक खर्च ६,५०० रुपये दिला आहे. त्यात २,८०० रुपये सांध्यांच्या पूरक गोळ्यांचे, २,५०० खाण्याचे आणि १,२०० औषधांचे आहेत. या मांडणीत पैसा चुकीच्या जागी जात आहे, असे मला वाटते. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचा उपयोग होतो की नाही, याविषयी संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. माशाच्या तेलातील ओमेगा-३ बाबत पुरावा त्यापेक्षा बरा आहे, आणि ज्या बंदरावर तारली-बांगडा मिळतो तेथे त्यासाठी महागडी बाटली घ्यावी की नाही, हे पशुवैद्यांना विचारून ठरवावे. (सुकी मासळी मात्र नको, तिच्यात मीठ फार असते.) गोळ्यांतून वाचणारे पैसे वेदनाशामक औषधांकडे वळवावेत. ती पशुवैद्यांनी लिहून दिलेलीच असावीत आणि मूत्रपिंड व यकृताची रक्ततपासणी ठरावीक काळाने व्हावी. घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी पोळीत घालून देण्याचा प्रकार खेड्यापाड्यांत सर्रास चालतो. त्याने कुत्र्याच्या पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो आणि पाच रुपयांच्या गोळीमागून दवाखान्याचे मोठे बिल येते.

सर्वांत स्वस्त उपाय आहे वजन. नर लॅब्राडॉरचे योग्य वजन साधारण २९ ते ३६ किलो मानले जाते, म्हणजे टायगरच्या दुखऱ्या खुब्यांवर निदान ६ किलोंचा जादा भार आहे. ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांचा जन्मापासून मृत्यूपर्यंत पाठपुरावा करणारा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा चतुर्थांश कमी अन्न मिळालेली कुत्री सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली आणि संधिवाताचे उपचारही त्यांना उशिरा लागले. अकराव्या वर्षी वजन उतरवून दोन वर्षे वाढतील असे मी म्हणणार नाही, पण वेदना कमी होण्यास त्याची मदत होते. दुपारचा भात, सायीचे दूध आणि पाहुण्यांच्या हातची बिस्किटे मोजूनमापून द्यावीत. माझ्या व्यवसायात ज्या खर्चाला कात्री लावल्याने फायदाच होतो असा खर्च क्वचित सापडतो, हा त्यांपैकी आहे.

आता ज्या जोखमीबद्दल आपण काहीच लिहिले नाही, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. टायगरला सकाळ-संध्याकाळ कोण उचलते? पत्रातील ‘आम्ही दोघे धरून पडवीच्या तीन पायऱ्या उतरवतो’ हे वाक्य वाचून मी थबकलो. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर ४२ किलोंचे जनावर धरलेले असताना आपला पाय घसरला किंवा वहिनींची कंबर पुन्हा धरली, तर होणारा खर्च शस्त्रक्रियेच्या अंदाजाच्या पुढे जाऊ शकतो, आणि आरोग्यविमा असला तरी अंथरुणावर गेलेले महिने तो भरून देत नाही. आपल्या आर्थिक आराखड्यातील सर्वांत मोठा धोका टायगरच्या खुब्यात नसून त्या तीन पायऱ्यांवर आहे. तेथे गावातील गवंड्याकडून जांभ्या चिऱ्याचा, अगदी कमी चढाचा आणि खरखरीत पृष्ठभागाचा उतार करून घ्यावा. माजघरातील गुळगुळीत लाद्यांवर त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेने काथ्याच्या किंवा रबराच्या पट्ट्या टाकाव्यात. पोटाखालून घेऊन मागचा भाग उचलण्यासाठी पट्टा विकत मिळतो, घडी घातलेली जुनी साडीही चालते, पण ती धरणारा माणूस तरुण हवा. शेजारच्या गड्याला सकाळी व संध्याकाळी अर्धा-अर्धा तास येण्यासाठी महिना ३ हजार रुपये देण्याची तयारी आपण लिहिली आहे, त्यात मुळीच काटकसर करू नये. चाकांच्या गाडीचा विचार आजच नको. तीत बसवतानाही कुत्र्याला उचलावेच लागते आणि चिऱ्याच्या ओबडधोबड अंगणात तिचा उपयोग मर्यादित आहे.

उतार, पट्ट्या, ओल न धरणारे जाड अंथरूण आणि वर सांगितलेल्या तपासण्या मिळून एकदाचा खर्च ३६ हजार रुपये धरावा. दरमहा खाण्याचे २ हजार, औषधे व तपासण्यांचे सरासरी २ हजार आणि गड्याचे ३ हजार, असे ७ हजार, म्हणजे वर्षाचे ८४ हजार होतात. पहिल्या वर्षाचा एकूण खर्च १ लाख २० हजार, आणि आपली शिल्लक १,६६,४००. आंबा पूर्णपणे गेला तर सुमारे ४४ हजारांची तूट येईल, ती बचत खात्यातून भागेल. कोकणात हा खर्च वर्षभर सारखा येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. ओल्या दिवसांत सांधे अधिक आखडल्यासारखे वाटतात, फिरणे थांबते, एका कुशीवर पडून राहिल्याने कोपरांना व खुब्यांना जखमा होतात आणि मलमूत्राने ओली राहिलेली जखम पावसात किडे पडायला दोन दिवस घेत नाही. त्यामुळे दर काही तासांनी कूस बदलावी आणि रोज अंग तपासणे हे गड्याच्या कामातच धरावे. सुदैवाने आंब्याचे पैसे मे अखेरीस हातात असतात आणि बचत योजनेचे २४,६०० रुपयांचे तिमाही व्याज जुलैच्या सुरुवातीला जमा होते, तेव्हा आगोटीची (पावसाळ्याआधीची) बेगमी करतानाच टायगरची चार महिन्यांची तरतूद वेगळी काढून ठेवावी.

विम्याविषयी आपण विचारले आहे. पाळीव प्राण्यांच्या पॉलिसीत प्रवेशासाठी वयाची अट असते आणि आधीपासूनचा आजार वगळलेला असतो, त्यामुळे आता तो मार्ग बंद आहे. कुत्र्याच्या उपचारांवर आयकरात वजावटही मिळत नाही. मुलाने अर्ध्या खर्चासाठी वैयक्तिक कर्ज काढण्याची तयारी दाखवली आहे, पण ज्या निर्णयाशी तो सहमत नाही त्याचे हप्ते त्याने फेडू नयेत.

त्याच्या दुसऱ्या सूचनेबद्दल एवढेच म्हणेन की, टायगरला केव्हा सोडवायचे हा निर्णय आपल्या बाबतीत पैशासाठी घेण्याची गरज नाही, हे वरील हिशेबावरून दिसते. तो त्याच्या वेदनेवरून घ्यावा. अन्न सोडणे, औषधानेही न थांबणारे दुखणे, स्वतः कूस बदलता न येणे, यांपैकी कोणती लक्षणे दिसली की थांबायचे, ते पशुवैद्यांशी आजच बोलून कागदावर लिहून ठेवावे आणि मुलालाही दाखवावे. ऐन वेळी घाबरून पुण्याला गाडी काढणे आणि न लागणारे उपचार करणे, हाच अशा प्रकरणांत सर्वांत महाग पडणारा दिवस असतो.

पतसंस्थेच्या ठेवीबद्दल टायगर नसता तरी मी लिहिलेच असते. बँकांमधील ठेवींना, सहकारी बँकांसह, ठेव विमा महामंडळाचे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण २०२० पासून आहे. पतसंस्थांमधील ठेवींना ते नाही. ९ टक्के व्याज त्या जोखमीचेच मिळते. सात महिन्यांनी मुदत संपल्यावर निदान दीड लाख बँकेत अल्पमुदतीच्या ठेवीत हलवून ते आपल्या दोघांच्या अडीअडचणीसाठी राखावेत. मज्जातंतू शाबूत आहेत, औषधाने वेदना आवरत नाही आणि एकाच बाजूच्या शस्त्रक्रियेने चालता येईल, असे परळच्या डॉक्टरांनी लेखी सांगितले, तरच २ लाख ६० हजारांच्या मर्यादेत फेरविचार करावा. तेव्हाही ठेव न मोडता त्याच पतसंस्थेकडून ठेवतारण कर्ज घ्यावे. ११ टक्के दर धरला तर सात महिन्यांचे व्याज सुमारे १६,७०० रुपये होईल. मुदतपूर्व मोडल्यास व्याजात किती कपात होते, ते पतसंस्थेकडून लिहून घेऊन दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत, आणि कर्ज मुदत संपल्याच्या दिवशी ठेवीतूनच फेडून टाकावे.