वाचक विचारतात : गाडीमागचा सायकल रॅक

प्रश्न : गाडीच्या मागे हिचमध्ये (ट्रेलर ओढण्यासाठी गाडीखाली बसवलेल्या सांगाड्यात) बसणारा सायकल रॅक घ्यायचा आहे. दोन इलेक्ट्रिक सायकली आहेत, प्रत्येकी साधारण २५ किलोच्या. गाडीचा रिसीव्हर, म्हणजे रॅकचा दांडा ज्यात शिरतो ते हिचचं चौकोनी तोंड, सव्वा इंची आहे. दुकानदार म्हणतो, अ‍ॅडॉप्टर टाकून दोन इंची रॅक बसेल. घ्यावा का?

बसेल हो, पण पेलेल का? हिचच्या पट्टीवर दोन आकडे असतात. एक ओढण्याच्या वजनाचा, दुसरा हिचवर वरून पडणाऱ्या उभ्या भाराचा. ओढण्याचा आकडा मोठा असतो आणि तोच बघून लोक निर्धास्त होतात. रॅकला त्याचा काही उपयोग नाही, रॅकसाठी उभा भार बघायचा.

सव्वा इंची हलक्या हिचला ही मर्यादा बहुधा २०० पौंड, म्हणजे ९० किलो असते. चाकांखाली पन्हळ असलेला दोन सायकलींचा रॅक २४ किलोचा धरा, त्यात सायकलींचे ५० मिळवा, झाले ७४. इथवर ठीक. पण अ‍ॅडॉप्टरमुळे सगळा भार काही इंच मागे सरकतो आणि हिचवरची तरफ वाढते. म्हणून रिसीव्हर मागे वाढवणाऱ्या जोडांवर मर्यादा कमी लिहिलेली असते, काहींवर थेट निम्मी. निम्मी म्हणजे ४५ किलो! बॅटऱ्या काढून गाडीत ठेवल्या तरी पाच-सहा किलोच वाचतात. (त्या तशाही काढाव्यातच.)

तेव्हा सव्वा इंची दांड्याचाच रॅक शोधा. त्यावर प्रत्येक सायकलीची मर्यादा २७ किलोच्या आसपास असावी. मग गाडीचं पुस्तक उघडा. हिच, गाडी, रॅक, मधला जोड यांपैकी सर्वांत लहान आकडा तोच तुमचा आकडा. त्यालाही अगदी टेकू नका. खड्ड्यात चाक आदळलं की भार क्षणभर कितीतरी वाढतो. जड सायकल नेहमी गाडीच्या बाजूच्या पन्हळीत ठेवा.

प्रश्न : सायकली दांड्यावर टांगायचा रॅक स्वस्त आणि हलका आहे. एक सायकल कार्बनची, एक लेडीज. चालेल?

या जोडीसाठी नको. टांगत्या रॅकमध्ये सगळं वजन फ्रेमच्या वरच्या नळीवर येतं. कार्बनची नळी पट्ट्याच्या दाबाने आणि घासण्याने खराब होऊ शकते. लेडीज सायकलीला आडवी नळीच नसते, त्यामुळे सीट आणि हँडल यांच्यामध्ये वेगळा दांडा जोडावा लागतो. शिवाय सायकली झुलतात आणि एकीचं पेडल दुसरीचा रंग खरवडतं.

पन्हळीचा रॅक घ्या, पण त्यातलाही पुढचं चाक वरून दाबून धरणारा. काही रॅकचा हात फ्रेमलाच पकडतो. कार्बनसाठी तो बाद. चाकाला मडगार्ड असेल तर चाक दाबणारा हुक नेमका त्यावर बसतो आणि मडगार्ड वाकतं, हे दुकानात सायकल चढवूनच बघा. टायरची रुंदी आणि दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर मोजून न्या. लांब सायकलीचं मागचं चाक पन्हळीच्या टोकाबाहेर जातं.

प्रश्न : नवा रॅक रिसीव्हरमध्ये खडखडतो. पिन नीट लावली आहे.

साधी पिन रॅकला बाहेर निसटू देत नाही, एवढंच तिचं काम. रिसीव्हर आणि दांडा यांच्यातली फट तिने भरत नाही. आट्यांचा बोल्ट किंवा आत पाचर फुगवणारा नॉब असेल, तर दांडा रिसीव्हरच्या भिंतीला आवळला जातो. सायकली चढवण्याआधी रॅक हाताने जरा उचलून धरा, बोल्ट आवळा, सोडा, पुन्हा आवळा. पहिल्या ३०-४० किलोमीटरनंतर थांबून परत पाना फिरवा, कारण सायकलींच्या वजनाने दांडा बसतो. मात्र आधी रॅकचं टोक हलवून बघा : हालचाल घडीच्या बिजागरीत असेल, तर रिसीव्हर कितीही आवळून फरक पडणार नाही.

प्रश्न : रॅक लावल्यावर डिकी उघडेल का?

तिरपा होणारा असेल तर बहुधा उघडेल, पण दार कुठवर मागे येतं ते टेपने मोजा. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जात असतील, तर दिव्यांची जादा पट्टी लागेल. रिव्हर्सचे सेन्सर रॅकलाच अडथळा समजून ओरडत राहतात. आणि सायलेन्सरचं तोंड कुठल्या चाकाकडे आहे ते जरूर पाहा. सरळ समोर आलेला टायर लांबच्या प्रवासात वितळू शकतो.