पशुवैद्यक झाल्यावर लसींच्या संशोधनात करिअर आहे का? नेमकं काम काय असतं?

आहे. फक्त दवाखाना टाकलेल्या वर्गमित्राची कमाई बघून पोटात दुखणार असेल तर येऊ नका.

मी मूळचा सांगोल्याकडचा. नोकरीची बहुतेक वर्षं लाळ्या-खुरकूत या गुरांच्या विषाणूजन्य रोगाच्या लसीत गेली. गावी गेलो की एकच प्रश्न येतो, "डॉक्टर, लस टोचली होती, तरी जनावर कसं बसलं?" माझं सगळं संशोधन या एका प्रश्नात मावतं.

या विषाणूचे मुख्य प्रकार ७, आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. आपल्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ असतात. त्यातही विषाणू बदलत राहतो, म्हणून लसीतला वाण गोठ्यात फिरणाऱ्याशी जुळतो का, हे सतत तपासावं लागतं. लस मृत विषाणूची, त्यामुळे दर ६ महिन्यांनी टोचायची. लसीतला विषाणूचा कण अख्खा असेल तरच शरीर चांगली प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिनं) बनवतं आणि उष्णतेनं तो फुटतो. सोलापूरच्या मे महिन्यात बर्फ वितळलेला डबा घेऊन वस्त्या फिरलात तर सुई टोचली जाते, एवढंच! वासरांचं दुखणं निराळं: चिकातून मिळालेली आईची प्रतिपिंडं लसीलाच अडवतात, म्हणून साधारण ४ महिन्यांपर्यंत थांबतात.

रोजचं काम कंटाळवाणं आहे. रक्तजल काढा, एलायझा (प्रतिपिंडं शोधायची चाचणी) लावा, आकडे मांडा. पण लस घेतलेलं जनावर आणि रोग होऊन गेलेलं जनावर रक्तावरून ओळखता येतं, हे मला आजही देखणं वाटतं. शुद्ध केलेल्या लसीत विषाणूची काही प्रथिनं जवळजवळ नसतातच. ती विषाणू शरीरात वाढतानाच तयार होतात. त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, तर बहुधा संसर्ग होऊन गेलेला असतो.

२०२२ मध्ये लम्पी या गुरांच्या त्वचारोगानं जनावरांचे बाजार बंद पाडले, तेव्हा गायींना शेळ्यांच्या देवीची लस दिली. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, म्हणून ते चाललं. लम्पीची स्वतंत्र लस हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी तयार केली.

वाट अशी: शिरवळ, उदगीर किंवा परळहून पदवी, मग सूक्ष्मजीवशास्त्रात एम.व्ही.एस्सी. आणि पीएच.डी. त्यासाठी इज्जतनगरची आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था बघा. १८८९ मध्ये ती पुण्यातच सुरू झाली होती. खुरकूतवरच काम करायचं असेल तर तिचं बंगळूर केंद्र. आणि पदवीच्या सुट्टीत तालुक्याच्या दवाखान्याबरोबर एकदा लसीकरणाला जा. खिलार बैलाला धरून टोचता आलं, की प्रयोगशाळेत नमुना कुठून येतो ते कळेल.