आळशाचा द्राक्षमळा आणि गारपीट

प्रश्न : बायबलच्या नीतिसूत्रे 24 मधला आळशाच्या द्राक्षमळ्याचा उतारा आमच्या मंडळीत वाचला गेला. गारपिटीत बाग गेलेल्या एका घराबद्दल मग काही जण म्हणाले, 'हातपाय हलवले असते तर ही वेळ आली नसती.' वचनाचा अर्थ असाच घ्यायचा का?
– एक बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : मुळीच नाही. ओवी 30 ते 34 पुन्हा वाचा. त्या मळ्यात काटेरी झुडपे माजली आहेत, दगडी कुंपण ढासळले आहे. ही पडझड एका रात्रीची नव्हे. 'थोडी झोप, थोडी डुलकी' असे म्हणत रोजचे काम पुढे ढकलल्याची आहे. गारांचा तिथे उल्लेखही नाही.

अध्याय 20, ओवी 4 मधला आळशी थंडीचे निमित्त करून नांगरत नाही आणि कापणीच्या वेळी हात पसरतो. बायबलच्या त्या देशात पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या पावसावर होते, कापणी वसंतात. चूक आणि तिचे फळ यांत कित्येक महिने जातात, म्हणून चूक करताना ती जाणवत नाही. नाशिकच्या बागायतदाराला हे नवे नाही. एप्रिल छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत काडीत घडनिर्मिती होते. तेव्हा फुटींची विरळणी राहिली, दाटीमुळे काडीवर ऊन पडले नाही, तर ऑक्टोबर छाटणीनंतर घडाऐवजी बाळी (नुसता तणावा) निघते. मग कितीही फवारण्या करा, घड परत येत नाही. नीतिसूत्रे ज्याला आळस म्हणतात तो हा.

गारपिटीत मात्र वेळेवर विरळणी केलेली बागही झोडपली जाते. ईयोबावर संकटे आली तेव्हा 'तुझेच काहीतरी चुकले असेल' असे सांगणाऱ्या मित्रांवर देवाचा राग भडकला (42:7). 'काम करायची इच्छा नसेल त्याने खाऊ नये' हे पौलाचे वचनही (2 थेस्सल. 3:10) काम टाळणाऱ्यांना आहे, नुकसान झालेल्यांना नाही. त्या घराला आत्ता तुटलेल्या काड्या आणि फुटलेले घड काढायला माणसे हवी आहेत. मंडळीने चार जोड्या हात पाठवावेत.

प्रश्न : रविवारी फवारणी केली तर पाप का?

उत्तर : फुलोऱ्यात पाऊस झाला तर डाऊनी (केवडा रोग) सोमवारची वाट पाहत नाही, विहिरीत पडलेला बैल शब्बाथ म्हणजे विसाव्याच्या दिवशीही वर काढतात (लूक 14:5). पण निर्गम 34:21 नांगरणी-कापणीच्या ऐन घाईतही विसावा घ्यायला सांगते. म्हणून काढणीच्या हंगामात तोडणीच्या मजुरांची आठवडी सुट्टी व्यापाऱ्याशी तारीख ठरवतानाच बोलून घ्या.