मधपेटी ठेवायला लायसन लागतं का? वाचकांचे प्रश्न

मधमाशांवर लिहायला लागल्यापासून व्हॉट्सअॅपवर सगळ्यात जास्त एकच प्रश्न येतोय, काका परवाना लागतो का, कुठं काढायचा, किती पैसे. या वेळी त्यातलेच निवडक प्रश्न घेतलेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत कारण दोघातिघांचं शेजाऱ्यांशी आधीच वाजलंय, अजून कशाला तेल ओतायचं.

प्रश्न : कोल्हापुरात फुलेवाडीत आमचं स्वतःचं घर आहे, गच्चीवर सातेरीच्या (पेटीत पाळतात ती देशी मधमाशी) दोन पेट्या ठेवल्यात. शेजारचे म्हणतायत महापालिकेचं लायसन नसताना माशा पाळणं बेकायदेशीर आहे, तक्रार करणार. खरंच लागतं का हो काका?

नाही लागत. हौसेखातर दोन-चार पेट्या ठेवायला मधमाशी पाळायचं लायसन असा प्रकारच आपल्याकडं नाही, ना केंद्राचा ना राज्याचा. लोक कुत्र्याच्या लायसनवरून अंदाज बांधतात आणि ठोकून देतात. तेव्हा निवांत झोपा.

पण लायसन लागत नाही म्हणजे कायदा आपल्याला लागूच नाही असं समजू नका, इथंच बरेच जण फसतात. भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये इतकी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि त्या कायद्याच्या व्याख्येत प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव, म्हणजे माशीसुद्धा त्यात येते. दुसरं म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, सार्वजनिक उपद्रव होतोय अशी खात्री पटली तर प्रांताधिकारी तो हटवायचा आदेश काढू शकतात. म्हणून तुमच्या शेजाऱ्यांनी लायसनचा मुद्दा चुकीचा काढला असला तरी त्यांना त्रास होत असेल तर त्यांची बाजू अगदीच लंगडी नाही.

मी सुरुवातीला पेटीचं तोंड बोळाकडं ठेवलं होतं, मोकळी हवा मिळेल म्हणून. आठवड्याभरात शेजारच्या वहिनी वाळत घातलेला पांढरा शर्ट घेऊन दारात उभ्या. त्यावर मोहरीएवढे पिवळे ठिपके, धुतलं तरी निघेनात. माशा पेटीत घाण करत नाहीत, बाहेर पडून उडता उडता विष्ठा टाकतात आणि त्यांच्या जायच्या वाटेखाली नेमकी वहिनींची दोरी होती. त्यानंतर चारच दिवसांनी संध्याकाळी त्यांच्या पोराला डोळ्याखाली माशी चावली, कारण अंधार पडल्यावर माशा त्यांच्या पडवीतल्या ट्यूबलाईटकडं जायच्या. चूक माझी होती. त्यांनी तक्रार केली नाही हा त्यांचा मोठेपणा, पण त्या पोराचा सुजलेला डोळा बघून मला दोन रात्री झोप लागली नव्हती.

मग मी काय केलं ते सांगतो, तुम्हीही करा. पेटीचं तोंड आपल्याच मोकळ्या बाजूला फिरवलं, पण एकदम नाही हं, रोज रात्री वीतभर वीतभर, नाहीतर बाहेर गेलेल्या माशा जुन्याच जागी येऊन भिरभिरत बसतात. तोंडापासून हातभर अंतरावर सहा-सात फूट उंच हिरवी शेडनेट लावली, म्हणजे माशी सरळ वर चढते आणि माणसांच्या डोक्यावरून जाते. पसरट थाळीत खडे आणि पाणी ठेवलं, ते पहिल्या दिवसापासून ठेवायचं, कारण एकदा का त्यांना शेजाऱ्यांच्या मोरीचं पाणी सापडलं की तिथून हलवणं फार अवघड. पेटी उघडायची ती सकाळी ऊन पडल्यावर, स्मोकर (माशा शांत करायचं धुराचं भांडं) पेटवून, आणि पोरं गल्लीत खेळत असताना अजिबात नाही.

आणि एक मनापासून विनंती. शेजारच्या घरात कुणाला माशी चावल्यावर अंगभर गांधी उठणं, धाप लागणं, चक्कर येणं असं कधी झालंय का ते स्वतः जाऊन विचारा. असं एक जरी माणूस असेल तर पेट्या तिथून हलवा, कायदा काय म्हणतो ते बघत बसू नका. आणि असं कुणाला झालंच तर घरगुती चुना-हळद करत न बसता थेट सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या दवाखान्यात न्या. साध्या चाव्यात नांगी नखानं खरवडून लगेच काढली की बास.

प्रश्न : आम्ही नागाळा पार्कात अपार्टमेंटमध्ये राहतो. गच्चीवर एक पेटी ठेवायची खूप इच्छा आहे पण सेक्रेटरी नाही म्हणतात. त्यांना तसा अधिकार आहे का?

ताई, गच्ची सामाईक आहे, एकट्या तुमची नाही, त्यामुळं तिथं काय ठेवायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. सेक्रेटरी एकटे नाही म्हणत असतील तर विषय सर्वसाधारण सभेत मांडा, ठराव झाला तर तो लेखी घ्या. नाही झाला तर हट्ट धरू नका. टाकी साफ करायला येणारा माणूस, डिशवाला, पतंग उडवणारी पोरं, अपार्टमेंटच्या गच्चीवर कोण कधी येईल सांगता येत नाही. त्यापेक्षा माहेरचं किंवा ओळखीतलं कुणाचं रान असेल तर तिथं पेटी ठेवा आणि रविवारी जा. जांभूळ, शेवगा, नारळ जवळ असले की माशांना बरं पडतं.

प्रश्न : आमचे पाव्हणे राधानगरीकडचे, ते म्हणतात जंगलातल्या ढोलीतनं सातेरीची वसाहत काढून आणून देतो, फुकटात. घेऊ का?

आधी एक विचारा, ढोली कुणाच्या झाडाची? स्वतःच्या मालकीच्या बांधावरचं झाड असेल, जुन्या घराच्या भिंतीत वसाहत असेल, तर मालकाला विचारून खुशाल काढा. पण वनखात्याच्या हद्दीतलं असेल तर हात लावायचा नाही. १९२७ च्या वन कायद्यात जंगलातला मध आणि मेण हे वनउपज म्हणून स्पष्ट लिहिलंय, परवानगीशिवाय काढणं हा गुन्हा. आणि राधानगरी अभयारण्य १९५८ पासूनचं आहे, तिथं १९७२ चा वन्यजीव कायदा वरनं लागतो, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय काहीही बाहेर आणता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना मध गोळा करायचा हक्क दिलाय, पण तो त्यांच्या पोटापाण्यासाठी, तो दाखवून शहरातल्या हौशी माणसानं वसाहत आणायची नसते.

कायदा बाजूला ठेवला तरी मला हे पटत नाही. ढोली फोडताना अर्धी पोळी चुरगळतात, अंडी-अळ्यांचं पोळं गाडीच्या डिकीत हिंदकळत येतं, राणी चिरडली तर सगळंच संपलं, आणि फुटलेल्या ढोलीत परत कुठली वसाहत बसत नाही. सातेरी आधीच हळवी, जागा आवडली नाही तर आठ दिवसांत पेटी रिकामी करून निघून जाते. मग जंगलातली पण गेली आणि तुमची पण गेली.

राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची मधकेंद्र योजना आहे, त्याचं मध संचालनालय महाबळेश्वरला. मोफत प्रशिक्षण मिळतं, वैयक्तिक मधपाळ व्हायला साक्षर आणि अठरा वर्षांवरचं असलं की चालतं, साहित्यात निम्मं अनुदान आणि निम्मे पैसे आपले, शिवाय मध ते हमीभावानं घेतात. कोल्हापुरात जिल्हा ग्रामोद्योग अधिकाऱ्यांकडं चौकशी करा. पुण्यात शिवाजीनगरला १९६२ पासूनची केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, तिथंही शिकता येतं. आणि एकदा भुदरगड तालुक्यातल्या पाटगावला जाऊन या. महाबळेश्वरजवळच्या मांघरनंतर मधाचं गाव म्हणून पाटगावचंच नाव, आपल्या जिल्ह्यातलं, तिथल्या लोकांना पेट्या हाताळताना नुसतं तासभर बघितलं तरी खूप समजतं.

प्रश्न : करवीर तालुक्यात आमचं रान आहे, सहा पेट्या आहेत. यंदा मध बाटल्यांत भरून ओळखीत विकायचा विचार आहे. एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षावाल्यांचं) लायसन लागतं का? आणि जवळच गुऱ्हाळ आहे, त्यानं काही फरक पडतो का?

दुसरा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला फार आनंद झाला, तो कुणीच विचारत नाही.

आधी पहिलं. घरी खाल्ला, पाव्हण्यांना दिला, तर काही नाही. बाटलीत भरून लेबल लावून विकायचा म्हटलं की अन्न सुरक्षा कायदा आला, २००६ चा. घाबरू नका, तुमच्यासारख्या छोट्या माणसाला मोठं लायसन लागत नाही, साधं रजिस्ट्रेशन पुरतं, कलम ३१ मध्येच तशी सोय आहे. एफएसएसएआयच्याच फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाईन होतं, आधार, फोटो आणि जागेचा पत्ता, बास. चौदा आकडी नंबर मिळतो तो लेबलवर छापायचा, सोबत तुमचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, भरल्याची तारीख, किंमत. एजंटला हजारो रुपये देऊ नका, गावातलं कुठलंही पोरगं मोबाईलवर करून देईल.

आता गुऱ्हाळ. दिवाळीच्या सुमाराला चुलवाणं पेटली की तुमच्या माशा फुलांकडं जायच्या बंद होतात. का जातील, तिथं गोड रस उघडा पडलेला असतो, चार पावलांवर. मी एकदा दुपारी गुऱ्हाळाशेजारच्या पेटीपुढं बसून बघितलंय, परत येणाऱ्या माशा काळ्या कुळकुळीत आणि चकचकीत दिसत होत्या, अंगावरची लव रसानं चिकटून बसलेली, पंख एकमेकांना चिकटलेले, काही तर उतरायच्या फळीवर पोचल्याच नाहीत, खालीच गवतात चालत होत्या. रसाच्या टाकीत तर नुसता थर, ओंजळीनं काढाव्यात इतक्या मेलेल्या.

आणि ज्या परत येतात त्या काय आणतात, तर उसाचा रस. तो त्या पोळ्यात भरतात, आटवतात, मेणानं बंद करतात, दिसायला अगदी मधासारखा. पण तो मध नाही. प्रयोगशाळेत एक तपासणी असते, ऊस आणि मका या गवतवर्गातल्या पिकांच्या साखरेतला कार्बन आणि फुलांच्या रसातला कार्बन वेगळा ओळखू येतो, आणि मधात अशी साखर सात टक्क्यांच्या वर निघाली की नमुना नापास. म्हणजे तुम्ही एक चमचा साखर मिसळलेली नसताना भेसळीचा शिक्का तुमच्यावर बसणार. प्रामाणिक माणसावर ही वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं लांबण लावतोय.

उपाय म्हणजे हंगामात पेट्या तिथून लांब न्या, चांगल्या दोन-तीन किलोमीटर तरी. ते जमत नसेल तर त्या महिन्यांत मध काढूच नका, जे साठलंय ते माशांना खाऊ द्या, आणि विकायचा मध उन्हाळ्यातल्या फुलोऱ्याचाच घ्या, जांभूळ, हिरडा, करंज. हाच नियम पावसाळ्यात साखरेचा पाक घालताना, पाक चालू असताना मधाचा वरचा मजला पेटीवर ठेवायचाच नाही. गुऱ्हाळमालकाशीही जाऊन बोला, रसाच्या टाकीवर बारीक जाळी टाकली तर त्यांच्याही गुळात माश्या पडत नाहीत, दोघांचा फायदा.

अजून एक, ओलावा. मधात पाण्याचं प्रमाण वीस टक्क्यांपर्यंतच चालतं आणि आपल्या पश्चिम भागातला सातेरीचा मध पातळ असतो. फ्रेमवरची कमीत कमी पाऊण घरं मेणानं बंद झालेली असतील तेव्हाच मधयंत्रात घाला. हिरवट, म्हणजे कच्चा मध बाटलीत भरला तर महिन्याभरात फसफसतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

प्रश्न : मधुक्रांती पोर्टलवर नोंदणी केली नाही तर दंड होतो का? माझ्याकडं एकच पेटी आहे.

नाही होत. राष्ट्रीय मधमाशी मंडळाचं ते पोर्टल एप्रिल २०२१ मध्ये सुरू झालं, मध कुठल्या मधपाळाचा हे शोधता यावं आणि योजनांचा लाभ देता यावा म्हणून. एका पेटीच्या हौशी माणसाला त्याची सक्ती नाही. पुढं पेट्या वाढवून धंदा करायचा, ट्रकनं परजिल्ह्यात न्यायच्या तेव्हा करा.

प्रश्न : आमच्या पाण्याच्या टाकीखाली भलं मोठं आग्या पोळं लागलंय. पेटीत घालून पाळता येईल का? नाहीतर जाळून टाकू?

दोन्ही नको. आग्या ही मोठी रानटी मधमाशी, ती पेटीत राहतच नाही, तिला उघड्यावर एकच मोठं पोळं लागतं, कितीही हुशार मधपाळ असला तरी ती बंद पेटीत टिकत नाही. आणि जाळायला गेलात तर पोळं पेटेपर्यंत शेकडो माशा खाली रस्त्यावरच्या माणसांवर जातील, वरच्या कलम २९१ चा विचार करा. पोळं उंचावर आणि वर्दळीपासून लांब असेल तर तसंच राहू द्या, आग्या एका जागी कायम राहत नाही, हंगाम संपला की आपोआप उठून जाते. तोवर टाकीवर कुणाला चढू देऊ नका, खाली धूर, फटाके, दगड काही नको. अगदी जिन्याच्या तोंडावर असेल तर खादी मंडळाचं प्रशिक्षण घेतलेल्या मधपाळाला बोलवा, तो पोळं न जाळता माशा उठवून लावतो. पत्ता मला मेसेज करा, तुमच्या भागातला माणूस शोधून देतो.