ऑर्डर घेणारीनं ऑर्डर लिहायची तर

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळची लातूरची. बीएस्सी नर्सिंगनंतर सहा वर्षं पुण्यात आयसीयूत काम केलं. लग्नानंतर ह्यूस्टनला आले. ग्रीन कार्ड आहे, एनक्लेक्स (तिथल्या नर्सच्या लायसन्सची परीक्षा) पास झाले आणि दोन वर्षांपासून इथेही आयसीयूतच स्टाफ नर्स आहे. आता फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः पेशंट तपासून, निदान करून औषधं लिहिणारी नर्स, व्हावं असं फार मनात आहे. ऑनलाइन कोर्सच्या जाहिराती रोज येतात, त्यातली तीन कॉलेजं मी निवडून ठेवली आहेत. मुलगी चार वर्षांची आहे. सासूबाई म्हणतात, ‘एवढं शिकून शेवटी नर्सच ना?’ कॉलेज कसं निवडू? आणि पुढेमागे भारतात परतलो तर या पदवीचा उपयोग होईल का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची असेल, म्हणून अगं-तुगं करते. मी साताऱ्याकडची. आयोवातल्या एका छोट्या गावातल्या दवाखान्यात आठ वर्षं फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचंच काम करते आहे.

कॉलेजाचं नंतर बोलू. आधी मला सांग, तुला आयसीयू सोडायचं आहे का? फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण दवाखान्यातल्या पेशंटसाठी असतं : तान्ह्या बाळाची तपासणी, शाळकरी मुलाचा दमा, बायकांची पॅप टेस्ट, आजोबांचं बीपी आणि साखर. व्हेंटिलेटरवरचा पेशंट त्यात बसत नाही. जीव आयसीयूतच रमत असेल, तर अक्यूट केअर नर्स प्रॅक्टिशनर हा वेगळा कोर्स आहे, त्याची परीक्षाही वेगळी. नोकऱ्या जास्त दिसतात म्हणून फॅमिलीला जायचं आणि मग पुन्हा आयसीयूतच काम शोधायचं, असं करणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्यांना पुढे आणखी एक सर्टिफिकेट करावं लागलं.

दवाखानाच हवा असेल तर पुढचं वाच.

मास्टर्सला साधारण दोन ते तीन वर्षं लागतात. डॉक्टरेटही करता येते, पण सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसायला मास्टर्स पुरतं. पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीरात काय बिघडतं), फार्माकॉलॉजी (औषधं) आणि फिजिकल असेसमेंट (पेशंट तपासणं) या तीन विषयांवर सगळी इमारत उभी राहते. अभ्यास तुला जड जाणार नाही, आयसीयूतल्या नर्सला औषधं पाठ असतात. जड जाते ती दुसरीच गोष्ट.

माझ्या क्लिनिकलच्या, म्हणजे दवाखान्यात पेशंट तपासत शिकण्याच्या, पहिल्या आठवड्यात एक साठीचे शेतकरी आले. तीन महिन्यांपासून कोरडा खोकला. मी तपासलं आणि बाहेर येऊन माझ्या प्रीसेप्टर बाईंना (तिथे हाताखाली घेऊन शिकवणाऱ्या) सगळं सांगितलं : ताप नाही, छाती स्वच्छ, ऑक्सिजन ९७, बीपीची लिसिनोप्रिल चालू. अगदी नाइटचा हँडओव्हर द्यावा तसं. त्या म्हणाल्या, ‘बरं, मग काय झालंय त्यांना?’ मी गप्प. दहा वर्षं मी डॉक्टरांना नीट माहिती द्यायला शिकले होते, आणि ती दिली की माझं काम संपायचं. या जातीच्या गोळ्यांनी खोकला येतो हे मला माहीत होतं. भारतात त्याच जातीची एनालाप्रिल मी स्वतःच्या हातानं किती पेशंटना दिली असेल! तरी ‘हा खोकला या गोळीचा आहे, गोळी बदलूया’ हे वाक्य तोंडातून निघेना. त्या बाईंनी मला उत्तर सांगितलं नाही, पाच मिनिटं थांबल्या. त्या पाच मिनिटांत मी जे शिकले ते कुठल्याही व्हिडिओ लेक्चरमध्ये नव्हतं.

दुसरं उदाहरण कानाचं. मूल रडतंय, कान ओढतंय, आत पाहिलं तर पडदा लाल. पण रडूनही पडदा लाल होतो. तो फुगलाय का, हे बघायचं असतं. फुगलेला पडदा ओळखायला मला कितीतरी मुलांचे कान पाहावे लागले, आणि दर वेळी माझ्यामागून कुणीतरी तोच कान पुन्हा पाहून ‘बरोबर’ किंवा ‘नाही, परत बघ’ म्हणायला हवं होतं.

म्हणून कॉलेज निवडताना एकच गोष्ट खोदून विचार : क्लिनिकलची जागा आणि प्रीसेप्टर कोण शोधून देणार? पेशंटसोबतचे किमान तास पूर्वी ५०० होते, २०२२च्या राष्ट्रीय मानकांनी ते ७५० केले. पुष्कळ ऑनलाइन कोर्समध्ये हे तास कुठे करायचे ते विद्यार्थिनीनंच बघायचं असतं. माझ्या कॉलेजनं प्रवेशाच्या वेळी ‘आम्ही मदत करू’ म्हटलं आणि ऐन वेळी नुसती एक यादी पाठवली, त्यातले निम्मे दवाखाने विद्यार्थी घेतच नव्हते. मी रजेच्या दिवशी गाडी काढून दारोदार बायोडेटा दिला. लहान मुलांसाठी जागा मिळाली नाही म्हणून एक सेमिस्टर वाया गेलं, फी मात्र गेली ती गेलीच. काही जणी प्रीसेप्टर मिळवायला वेगळे पैसे मोजतात. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. फी घेणाऱ्या कॉलेजनं शिकवायची माणसंही दिली पाहिजेत.

कोर्सला सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता आहे ना, आणि टेक्सासमधल्या विद्यार्थ्यांना ते घेतात ना, हेही बघ. पुढे सर्टिफिकेशनची परीक्षा एएनसीसी किंवा एएएनपीसीबी या दोन संस्थांपैकी कुठल्याही एकीची चालते. आयोवात मी स्वतःच्या सहीनं औषधं लिहिते. टेक्सासात त्यासाठी डॉक्टरांशी लेखी करार लागतो. नोकरी घेताना तो करार नीट वाच.

मुलगी चारची आहे म्हणतेस. शिकत असताना मी शुक्रवार, शनिवार, रविवार बारा-बारा तासांची ड्युटी करायचे आणि सोमवार-मंगळवार क्लिनिकल, बिनपगारी. घरात कुणी भात लावणारं नसतं तर जमलं नसतं. सासूबाईंना सोबत घे. नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम १९६५ साली कोलोरॅडोत सुरू झाला तो लोरेटा फोर्ड नावाच्या नर्सनं, हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांना बरोबर घेऊन, हे त्यांना सांग. पेशंट मला डॉक्टर म्हणतात तेव्हा ‘मी नर्स प्रॅक्टिशनर’ असं मी दर वेळी सांगते. ‘शेवटी नर्सच’ हे खरंच आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

भारताचं स्पष्ट सांगते. तिथे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर असा परवाना नाही, त्यामुळे या पदवीवर तुला तिथे औषधं लिहिता येणार नाहीत. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहे, मिडवाइफरीचा दीड वर्षाचा आहे, आणि आयुष्मान भारतच्या केंद्रांवर सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या नर्सेस कम्युनिटी हेल्थ ऑफिसर म्हणून बसतात. मला हे फार लागतं. आमच्या गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टर रात्री-अपरात्री बाळंतपणं करायच्या, कुणाला तालुक्याला न्यायचं हे त्याच ठरवायच्या. निर्णय त्या घेतच होत्या, तो घेण्याचं शिक्षण आणि अधिकार मात्र त्यांना कुणी दिला नव्हता. परत गेलीस तर शिकवायला जा, तिथे तुझी गरज आहे.

प्रश्न : मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आहे, अमेरिकेत आरएनचं (रजिस्टर्ड नर्सचं) लायसन्स मिळालंय. थेट नर्स प्रॅक्टिशनरला जाता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर (सध्या शिकागो)

उत्तर : बहुतेक ठिकाणी आधी बीएसएन (नर्सिंगची पदवी) मागतात. नोकरी करत आरएन ते बीएसएन ऑनलाइन होतं, त्याला हरकत नाही. जीएनएमची मार्कशीट आणि प्रॅक्टिकलच्या तासांचा दाखला कोल्हापूरहून आत्ताच मागव, मूल्यांकनाला लागतो आणि यायला वेळ घेतो.

आणि ह्यूस्टनच्या बाई, त्या तिन्ही कॉलेजांना प्रीसेप्टरचा प्रश्न ईमेलनं विचार, फोनवर नको. लेखी उत्तरं आली की मला पाठव, पैसे भरण्याआधी आपण दोघी मिळून वाचू.