तीन बिऱ्हाडांचे जुने घर घ्यावे का?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही एच-वन-बी व्हिसावर असून जर्सी सिटीत भाड्याने राहतो. जर्नल स्क्वेअरजवळ, नेवार्क अव्हेन्यूवरील भारतीय दुकानांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, शंभर वर्षांहून जुने, ओळीतले एक तीन मजली घर विक्रीला आहे. प्रत्येक मजल्यावर एक भाडेकरू आहे, तळघरातही एक जण राहतो. मालक मात्र तेथे राहत नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर राहून बाकीची बिऱ्हाडे भाड्याने ठेवावीत, असा विचार आहे. शेजारी फिलिपिनो, इजिप्शियन, लॅटिनो, गुजराती अशी सगळी कुटुंबे आहेत. माझे सासरे तेथील जुन्या हल्ल्यांची आठवण काढून नको म्हणतात आणि एजंट वस्तीविषयी काहीच बोलत नाही. घर घ्यावे का? भाडेकरू मराठी किंवा निदान शाकाहारी असावेत, अशी अट घालता येईल का?
— एक वाचक, जर्सी सिटी

उत्तर : वस्तीचा प्रश्न आधी संपवतो, कारण आपली खरी काळजी दुसरीकडे असायला हवी. सासऱ्यांची आठवण खोटी नाही. १९८७ साली स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळक्याने जर्सी सिटीतील भारतीयांना हुसकावून लावण्याची उघड धमकी दिली होती आणि त्याच वर्षी लगतच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या भारतीय तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला. परंतु त्यानंतरच्या काळात भारतीय तेथून गेले नाहीत. नेवार्क अव्हेन्यूची बाजारपेठ आपण रोज पाहतच आहात. एजंटचे मौन हे काही लपवण्याचे लक्षण नाही. वंश, धर्म किंवा मूळ देश पाहून ग्राहकाला एखाद्या वस्तीकडे वळवणे किंवा तेथून परतवणे १९६८ च्या संघीय गृहनिर्माण कायद्याने निषिद्ध आहे. वस्ती आपणच संध्याकाळी आणि रविवारी फिरून पाहावी, शेजाऱ्यांशी बोलावे.

आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर वाक्य तळघराचे आहे. घर कागदोपत्री किती बिऱ्हाडांचे आहे, हे पालिकेच्या नोंदीवरून आणि वापर-परवान्यावरून ठरते, घंटीच्या बटणांवरून नव्हे. तेथे तीन बिऱ्हाडे नोंदलेली असतील तर तळघरातील चौथे बेकायदा आहे, आणि अशा बेकायदा जागेतून भाडेकरूला निघावे लागले तर न्यू जर्सीच्या कायद्यानुसार मालकाला त्याला सहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम द्यावी लागते. ‘महिन्याला तेवढीच मदत’ असे मालक हसून सांगेल. पण सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरातील अशाच तळघरांत माणसे बुडून गेली, हे विसरू नये. ती जागा रिकामी करून देण्याची जबाबदारी विक्रेत्याची राहील, असे करारात लिहून घ्यावे.

बाकीचे भाडेकरूही घराबरोबरच आपल्याकडे येतात. या राज्यात, मालक स्वतः राहत नसलेल्या अशा घरात, कराराची मुदत संपली एवढ्यावर भाडेकरूला काढता येत नाही. १९७४ च्या कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादे कारण लागते. तीन किंवा त्याहून कमी बिऱ्हाडांच्या घराचा ग्राहक स्वतः राहायला येणार असेल आणि खरेदीच्या दिवशी ती जागा रिकामी हवी असे विक्रीकरारात लिहिलेले असेल, तर दोन महिन्यांची सूचना देता येते, मात्र लेखी भाडेकरार चालू असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत भाडेकरूला काढण्याचा दावा लावता येत नाही. म्हणून पहिल्या मजल्याचा भाडेकरार मागवून वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. प्रत्येक भाडेकरूकडून भाडे, अनामत आणि तोंडी दिलेली आश्वासने नमूद करणारे सहीचे निवेदन घ्यावे. अनामत विक्रेत्याने आपल्याकडे वर्ग केली नाही, तरी ती परत करण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते.

कर्जाबाबत जुनी माहिती अजून तोंडोतोंडी फिरते. घराच्या किमतीच्या साडेतीन टक्के भरून मिळणारे सरकारी हमीचे एफएचए कर्ज मे २०२५ पासून एच-वन-बीधारकांना बंद झाले आहे. फॅनी मे या बँकांची गृहकर्जे विकत घेणाऱ्या संस्थेच्या नियमांखालील साधे कर्ज खुले आहे आणि नोव्हेंबर २०२३ पासून, स्वतः राहणार असाल तर, चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घराला किमान पाच टक्के भरून ते मिळू शकते. येणारे भाडे धरताना बँक सहसा पंचाहत्तर टक्केच धरते आणि बेकायदा तळघराचे भाडे धरणार नाही, हे लक्षात घेऊन हप्ता आणि या राज्याचा भलामोठा मालमत्ता कर यांचे गणित मांडावे.

इमारतीच्या तपासणीत दोन गोष्टींवर पैसे खर्च करण्यास कचरू नये. ओळीतल्या जुन्या लाकडी घरांत छपराखालची पोकळी अनेकदा शेजारच्या घरापर्यंत सलग असते. सामाईक भिंत वरपर्यंत गेलेली नसेल तर शेजारची आग आपल्या छपरात येते आणि विमाही महागतो. दुसरी गोष्ट म्हणजे अंगणात पुरलेली तेलाची टाकी. पूर्वी तेलावर तापवल्या जाणाऱ्या घरांत ती राहून गेलेली असते, आणि गळत असेल तर माती साफ करण्याचा खर्च मालकाच्या डोक्यावर बसतो. जुनी वायरिंग आणि शिसे ओघाने आलेच: १९७८ पूर्वीच्या घरांत शिसेयुक्त रंग गृहीत धरावा.

भाडेकरूंच्या अटीबद्दल : मालक राहत असलेल्या दोन बिऱ्हाडांच्या घराला राज्याच्या भेदभावविरोधी कायद्यात मर्यादित सूट आहे, तीन बिऱ्हाडांच्या घराला नाही. ‘फक्त मराठी’ हा सरळ मूळ देशावरून भेदभाव ठरेल. शाकाहार हा कायद्यातील स्वतंत्र निकष नसला, तरी त्या अटीआडून धर्म पाहिला गेला असे दिसल्यास तक्रार टिकू शकते, त्यामुळे ती न घालणेच बरे. भाड्यासाठी सरकारी व्हाउचर घेऊन येणाऱ्यालाही त्या कारणावरून नाकारता येत नाही.

एजंटच्या छापील करारावर सह्या झाल्यावर वकिलाकडून तो तपासून घेण्यास कामकाजाचे तीनच दिवस मिळतात. तेव्हा वकील आधी ठरवावा आणि पालिकेची नोंद व भाडेकरार सहीपूर्वीच त्याच्या हाती द्यावेत. विक्रेता हे कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर घर कितीही आवडले तरी घेऊ नये.