पाटल्या गहाण ठेवण्याआधी रॅम तपासून घ्या

भाऊ, अमळनेरला तुमचं लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी घेतलेलं वर्कस्टेशन कधी रेंडर करताना, तर कधी नुसतं ब्राउझर उघडलं तरी निळी स्क्रीन येऊन बंद पडतं. दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) गेला, दीड लाखाचं नवीन घ्या. आखाजीनंतरच्या लग्नांची कामं अंगावर आहेत, म्हणून तुम्ही विचारलंय की हप्त्यावर घ्यावं की वहिनींच्या पाटल्या गहाण ठेवाव्यात?

माझं मत स्पष्ट आहे, आज दोन्ही नको. दीड लाख १६ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी उचलले तर महिन्याला साधारण ७,३४० रुपयांचा हप्ता बसतो आणि वर २६ हजारांहून जास्त व्याज जातं. सोनेतारण त्याहून स्वस्त पडेलही, पण बिघाड कुठे आहे हेच अजून कोणी तपासलेलं नाही.

कॉपी केलेल्या क्लिप मध्येच फाटलेल्या निघाल्या, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे काम चालू असताना मशीन माहिती तात्पुरती ठेवतं त्या मेमरीवर आहे. तुमच्याकडे १६ जीबीच्या चार पट्ट्या आहेत, त्यातली एखादीच खराब असू शकते. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम फुकट मिळतो. तो पेन ड्राइव्हवर घालून मशीन त्यावरूनच बूट, म्हणजे सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. एकही एरर आली तरी गप्प बसू नका. मशीन बंद करून प्लग काढा, पट्ट्यांवर मार्करने १ ते ४ आकडे टाका आणि एका वेळी एकच पट्टी एकाच स्लॉटमध्ये (बोर्डावरच्या खाचेत) लावून तपासा. एरर देणारी पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. तिथेही चुकली तर दोष पट्टीचा. चांगली पट्टीही एका ठरावीक स्लॉटमध्ये चुकत असेल, तर दोष स्लॉटचा किंवा बोर्डाचा, म्हणजे दुकानदाराचं म्हणणं खरं. एक फेरी भर दुपारीही घ्या. रात्रीच्या गारव्यात पास होणारी पट्टी आपल्याकडच्या उन्हाळ्यात तापली की चुकू शकते.

हे होईपर्यंत कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट करू नका. खराब रॅममधून गेलेल्या कॉपीवर विसंबून मूळ शूटिंग पुसलंत तर ते नुकसान कुठल्याच हप्त्यात भरून येणार नाही.

पट्टीच खराब निघाली तर आधी बिल शोधा. रॅमवर बऱ्याच कंपन्या दहा वर्षांची किंवा आजीवन वॉरंटी देतात. जोडीने घेतलेली असेल तर बहुधा दोन्ही पट्ट्या पाठवाव्या लागतात. तोवर उरलेल्या दोन चांगल्या पट्ट्यांवर, ३२ जीबीत, काम निभेल. वॉरंटी नसेल तर लेबलवरचा प्रकार आणि वेग जुळणारी एकच पट्टी घ्या. अलीकडे रॅमचे भाव चढलेत, तरी तो खर्च गल्ल्यातून निघण्यासारखा आहे.

बोर्ड गेलेला निघाला तर मात्र नवीन मशीन घ्या, पण ठरलेल्या लग्नांचे ॲडव्हान्स आधी त्यात घाला आणि उरलेल्याच रकमेचा एका वर्षाचा हप्ता करा. पाटल्यांना हात लावायची वेळ तेव्हाही येऊ नये. तपासणीत काय निघालं ते मला कळवा, मग हप्त्याचं गणित पुन्हा मांडू.